विहिरीतून मोटार काढताना

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, तिवसा तालुक्यात, गुरुकुंज मोझरी हे गाव लागते. १९३५ साली तुकडोजी महाराजांनी येथे आश्रम उभारला आणि मोझरीच्या नावाआधी गुरुकुंज हा शब्द कायमचा येऊन बसला. आश्रम, दासटेकडी, खंजिरीच्या तालावर होणारी प्रार्थना, पुण्यतिथीला लोटणारा जनसागर यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून फारच लहान आहे. मोझरीतील एका घराच्या मागील अंगणात एक विहीर आहे, तिच्यातील मोटार बिघडली होती आणि ती बाहेर काढायची होती. एवढाच प्रसंग. परंतु त्या दोन-अडीच तासांत विहिरीच्या काठावर बसून जे पाहिले, त्यातून वऱ्हाडातील पाण्याच्या शंभर वर्षांचा इतिहास डोळ्यांसमोरून सरकत गेला. तोच येथे मांडतो.

दिवस वैशाखाचे. यजमान आमचे जुने स्नेही. विहीर त्यांच्या आजोबांच्या काळातली, चाळीस फुटांच्या आसपास खोल, वरचा थर दगडांनी बांधून काढलेला आणि खाली उघडा काळा खडक. आदल्या दिवशी बटण दाबले तेव्हा मोटार गुरगुरली, क्षणभर थरथरली आणि स्टार्टर पडला. पुन्हा दाबले, पुन्हा तेच. मिस्त्रींना निरोप गेला. ते सकाळी सातालाच आले. सोबत त्यांचा पुतण्या आणि सायकलीला बांधलेली हत्यारे.

मिस्त्रींचा पहिला प्रश्न मोटारीविषयी नव्हता. "मेन काढला का, भाऊ?" यजमानांनी बटण बंद असल्याचे सांगितले. त्यावर मिस्त्री नुसते हसले, आत गेले, मुख्य स्विच पाडला, फ्यूजच्या तिन्ही वाट्या उपसून सदऱ्याच्या खिशात घातल्या आणि मगच विहिरीकडे वळले. "बटनाचा भरोसा नाही बाप्पा. वाट्या आपल्या खिशात असल्या का जीव आपल्या अंगात असते." हा धडा त्यांनी कोणत्या पुस्तकातून घेतलेला नव्हता. ओल्या अंगाने विहिरीत उतरलेल्या आणि वर कुणीतरी न कळत बटण दाबल्याने जिवाला मुकलेल्या माणसांच्या आठवणी आपल्याकडील बहुतेक गावांत आहेत. घरगुती एक फेजच्या मोटारीत आणखी एक धोका असतो. तिच्या पेटीतील कपॅसिटर, ज्याला आपले लोक कंडेन्सर म्हणतात, वीज तोडल्यावरही काही काळ भरलेला राहू शकतो. या विहिरीतील मोटार तीन फेजची होती, म्हणून ती काळजी नव्हती. पण तारा सोडण्यापूर्वी तिन्हींना वेगवेगळ्या रंगाची चिंधी बांधायला मिस्त्री विसरले नाहीत. परत जोडताना दोन तारांची अदलाबदल झाली तर मोटार उलटी फिरते, आवाज करते, पण पाणी नीट चढवत नाही.

मग वर काढण्याचे काम सुरू झाले. विहिरीच्या तोंडावर तीन बल्ल्यांची तिवई उभी राहिली, तिला चेन-कप्पी अडकवली. विहिरीत उतरलेल्या लोखंडी पाइपाच्या वरच्या टोकाला क्लॅम्प बसला, साखळी ताणली गेली आणि पाइप इंचाइंचाने वर येऊ लागला. एक पाइप पूर्ण वर आला की खालच्या पाइपाला दुसरा क्लॅम्प लावून तो काठावरच्या बल्लीवर टेकवायचा, मग दोन पान्यांनी वरचा पाइप सोडवायचा. हा दुसरा क्लॅम्प सैल राहिला तर पाइप, पंप, मोटार सगळा पसारा विहिरीच्या तळाशी जातो. पुतण्याने एकदा घाईत केबलला हात घालून ओढले, तेव्हा मिस्त्री एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या छपरावरची कबुतरे उडाली. केबल ही वीज नेण्यासाठी असते, वजन उचलण्यासाठी नव्हे. ती ओढली की आतला जोड तुटतो आणि दोष शोधण्याचे काम दुप्पट होते.

पाइप वर येत असताना आम्हा बघ्यांना करण्यासारखे काही नव्हते. म्हणून विहिरीत डोकावून भिंत पाहत बसलो. ती भिंत वाचता येत होती.

काठाच्या दगडांवर बोटभर खोल चऱ्या पडल्या होत्या. त्या दोराच्या. पोहरा सोडणाऱ्या आणि ओढणाऱ्या हातांनी दोन-तीन पिढ्यांत दगड घासून काढला होता. त्याच्या बाजूला दोन खोबणी दिसत होत्या, रहाटाचा आडवा दांडा बसविण्यासाठी केलेल्या. त्याखाली सुमारे पंधरा फुटांवर भिंतीतून पुढे आलेला सिमेंटचा एक ओटा होता आणि त्यात गंजलेले चार बोल्ट अजून उभे होते. आणि त्याही खाली, अंधारात, आताची पाणबुडी मोटार. दोर, रहाट, ओट्यावरचा पंप, पाण्यातली मोटार. प्रत्येक पिढीने पाणी काढण्याचे साधन आधीच्या पिढीपेक्षा खाली नेले होते.

घरच्या विहिरीवर दोर आणि पोहरा असे. मोट असे ती शेतातल्या विहिरीवर. ज्यांनी मोट प्रत्यक्ष चालताना पाहिली अशी माणसे आता थोडी उरली आहेत, म्हणून तिच्याविषयी चार शब्द लिहिणे अवश्य आहे. चामड्याची मोठी पिशवी, तिला खाली सोंड. तोंडाला जाड नाडा, सोंडेला बारीक सोंदूर. बैलजोडी उतरत्या धावेवरून खाली चालू लागली की मोट विहिरीतून वर येई आणि काठाशी पोहोचताच सोंड थारोळ्यात मोकळी होऊन पाणी पाटाने धावे. एका खेपेला शे-दीडशे लिटर पाणी. मोटकऱ्याचे गाणे, चाकाची कुरकुर, बैलांच्या गळ्यातल्या घंटा यांवर मराठीत हळवे लिखाण पुष्कळ झाले आहे. त्यात भर घालण्याची माझी इच्छा नाही, कारण त्या गाण्यामागे पहाटे तीनपासून उपसलेले कष्ट होते आणि बैलांच्या खांद्यांवर जखमा होत्या.

मला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. मोट फाटली, नाडा तुटला, चाक मोडले, तर ते दुरुस्त करणारा माणूस त्याच गावात होता. चामडे कमावणारा, दोर वळणारा, लाकूड तासणारा, लोखंड ठोकणारा. मोटेचा प्रत्येक भाग डोळ्यांना दिसे आणि हाताने काढता येई. एका दिवसात मोट उतरे आणि एका दिवसात पुन्हा चढे. पण याच व्यवस्थेत एक क्रूर विसंगती दडलेली होती, ती गाळून इतिहास लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्याने ते चामडे कमावले आणि ती मोट शिवली, त्याला गावाच्या पिण्याच्या विहिरीतून स्वतःच्या हाताने तांब्याभर पाणी घेता येत नव्हते. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला आणि १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. या दोन घटनांमध्ये जवळजवळ साठ वर्षे गेली. पाणी काढण्याचे यंत्र कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न आपल्या देशात केवळ यंत्रविद्येचा कधीच नव्हता.

यंत्र आले ते दक्षिण महाराष्ट्रातून. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावला सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली, १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर घडविला आणि १९१० साली औंध संस्थानातील माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली. विसाच्या दशकात त्याच कारखान्यातून पंप बाहेर पडू लागले. वाङ्मयाची आवड असणाऱ्या वाचकांना एक गंमत सांगण्यासारखी आहे. १९२० साली याच वाडीतून कारखान्याच्या मालाची माहिती देणारे 'किर्लोस्कर खबर' निघाले आणि पुढे ते 'किर्लोस्कर' मासिक होऊन मराठीतील नामांकित कथाकारांचे घर बनले. नांगर, पंप आणि लघुकथा एकाच आवारातून गावोगाव गेल्या. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला तेलावरच्या इंजिनांचा कारखाना निघाला. तिकडे दक्षिणेत, जेथे विहिरी आपल्यापेक्षाही खोल, त्या कोईमतूर भागात १९३७ साली देशी विजेची मोटार तयार झाली होती. पंपांच्या धंद्याचे ते शहर पुढे माहेरघरच झाले. ज्या मुलखात पाणी खोल असते, त्याच मुलखातील माणसे पंप उत्तम बनवितात, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

वऱ्हाडात इंजिने आली ती बागायतदारांच्या मळ्यात. सामान्य घराच्या अंगणात यंत्र आले ते विजेबरोबर. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, अकोला जिल्ह्यातील पारसचे औष्णिक केंद्र साठच्या दशकात उभे राहिले आणि तारांचे खांब हळूहळू खेड्यांपर्यंत पोहोचले. आमच्या स्नेह्यांच्या घरी पहिली मोटार १९७४ साली बसली, असे त्यांच्या आईंनी सांगितले. आजी आता नव्वदीच्या घरात आहेत. त्या मोटारीचे वर्णन करताना त्यांनी पाण्याविषयी एक शब्द काढला नाही. त्यांनी आपले दोन्ही तळवे उलटे करून दाखविले. "घट्टे गेले," एवढेच त्या म्हणाल्या. दोराच्या चऱ्या केवळ दगडावर पडल्या नव्हत्या. जुन्या विहिरींच्या आठवणीने गहिवरणाऱ्या आम्हा पुरुष लेखकांनी हे तळवे विसरू नयेत.

आता त्या पंधरा फुटांवरच्या ओट्याची कथा. पहिली मोटार बसली ती जमिनीवर, विहिरीच्या काठाशी. मोटार आणि पंप एकाच दांड्यावर. त्यालाच मोनोब्लॉक म्हणतात. तेथून एक पाइप विहिरीत उतरलेला, त्याच्या टोकाला फूटव्हॉल्व्ह, ज्याला आपल्या खेड्यांत सर्रास 'फुटबॉल' म्हणतात. अशी मोटार काढणे हे अर्ध्या तासाचे काम होते. वीज तोडायची, पंपातले भरणीचे पाणी सोडून द्यायचे, ओढीच्या आणि फेकीच्या पाइपांचे जोड सोडवायचे, पायाचे चार बोल्ट काढायचे आणि मोटार सायकलीच्या कॅरिअरवर बांधून तिवशाला न्यायची. घरातला बारा-तेरा वर्षांचा मुलगाही हे पाहून शिकत असे.

परंतु अशा पंपाला निसर्गाने एक मर्यादा घालून दिली आहे. पंप पाणी 'ओढतो' असे आपण म्हणतो, पण खरे तर तो पाइपातील हवा कमी करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. हवेला जेवढे ढकलता येईल, तेवढेच पाणी चढणार. इटलीतील विहीर खोदणाऱ्यांना आणि पंप बनविणाऱ्यांना हा अनुभव फार पूर्वीपासून होता. ठराविक उंचीपलीकडे त्यांचा पंप कितीही चांगला असला तरी पाणी येत नसे. गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात या कोड्याची नोंद केली, पण कारण त्याला उलगडले नाही. त्याचा शिष्य टॉरिचेली याने १६४३ च्या सुमारास पाण्याऐवजी पारा वापरून ते उलगडले, आणि १६४८ साली पास्कालच्या सांगण्यावरून त्याच्या मेहुण्याने पाऱ्याची नळी डोंगरावर नेऊन, उंचीवर हवेचा दाब कमी असतो, हे दाखविले. समुद्रकाठी ही मर्यादा सुमारे १०.३ मीटर. आपल्या वऱ्हाडच्या पठारावर ती थोडी कमी, आणि पाइपातील घर्षण, जोडांतील गळती, फूटव्हॉल्व्हचा अडथळा धरला तर व्यवहारात २०-२२ फुटांच्या पुढे भरवसा नाही.

विहिरीतील पाणी २० फुटांच्या खाली गेले, तेव्हा मोझरीतल्या त्या घराने टॉरिचेलीचे नाव न ऐकताच त्याचा सिद्धांत मान्य केला. मोटार पाण्याजवळ नेली. भिंतीत ओटा बांधला, त्यावर पंप बसविला. गावोगाव हेच झाले. काही ठिकाणी तर तेलाची इंजिनेच विहिरीत उतरविली गेली. त्यांच्या धुरातला विषारी वायू वर निघून न गेल्याने इंजिन चालू करायला उतरलेला माणूस आणि त्याला वाचवायला उतरलेला दुसरा माणूस, दोघेही वर न आल्याच्या दुर्घटना महाराष्ट्राने पाहिल्या आहेत. ओट्यावरची मोटार काढण्यासाठी आता विहिरीत उतरावे लागे, दोर लागे, तीन-चार माणसे लागत. पावसाळ्यात पाणी वर चढले की मोटार बुडे, म्हणून मृगाआधी ती काढायची आणि पाणी उतरले की पुन्हा बसवायची, हा वर्षाचा एक विधीच होऊन बसला. बारा वर्षांच्या मुलाला आता कोणी जवळ येऊ देईना. काढणे अवघड झाले, तसे यंत्र घरच्या हातातून सुटत चालले.

या ठिकाणी घराच्या अंगणातून थोडे बाहेर, गावच्या चौकात उभ्या असलेल्या हातपंपाकडे वळले पाहिजे. कारण नेमका हाच प्रश्न तेथे कोणीतरी समजून घेतला होता. १९६६-६७ आणि त्यानंतर १९७२ च्या दुष्काळांत कठीण खडकात विंधन विहिरी खोदणारी यंत्रे महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर आली. विंधन विहिरीवर बसविलेले ओतीव लोखंडाचे हातपंप मात्र काही महिन्यांतच मोडून पडत. ते एका कुटुंबासाठी बनविलेले होते आणि त्यांवर सारे गाव तुटून पडे. यावर उपाय सुचले ते जालना आणि सोलापूर येथील ख्रिस्ती मिशनांच्या विहीर-केंद्रांत. तेथील कारागिरांनी पोलादी, एकाच खिळीवर डुलणारा, साखळीने दांडी सरळ वर उचलणारा पंप घडविला. युनिसेफ आणि सरकारी यंत्रणा यांनी तोच सुधारून सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात 'इंडिया मार्क दोन' पंप आणला. आज आपल्या खेड्यांत जो उंच दांड्याचा हातपंप दिसतो, तो हाच.

हा पंप मजबूत होता. पण त्यातील चामड्याची वाटी झिजली की ती बदलण्यासाठी सगळे पाइप उपसून काढावे लागत, त्यासाठी तालुक्याहून गाडी, तिवई आणि प्रशिक्षित माणसे यावी लागत. गाडी येईपर्यंत गाव कोरडे. ऐंशीच्या दशकात कोईमतूर भागात प्रयोग करून 'मार्क तीन' तयार झाला. त्यात वरचा पाइप एवढा रुंद ठेवला की आतला दट्ट्या पाइप न काढता त्यातूनच वर ओढता यावा. बदल एवढाच, पण त्यामुळे दुरुस्ती गावातल्या माणसाला जमू लागली. उत्तर प्रदेशातील बांदा जिल्ह्यात नव्वदच्या दशकात निरक्षर स्त्रियांनी हातपंप दुरुस्तीचे काम शिकून घेतले आणि पाना हातात धरला, ही गोष्ट त्या काळात देशभर गाजली. यंत्र किती पाणी देते याबरोबरच ते बाहेर कोण काढू शकतो, हेही मोजणारे अभियंते जगात होते हे पाहून बरे वाटते. घरगुती विहिरींच्या बाबतीत मात्र अशी काळजी कोणी वाहिली नाही.

अंगणात परत येऊ. पाणी आणखी खाली गेले, ओट्यावरचा पंपही लटका पडला आणि त्याची जागा पाणबुडी मोटारीने घेतली. ही कल्पना मुळात तेलविहिरींची. रशियातून स्थलांतरित झालेले अभियंते आर्मेस अरुटुनॉफ यांनी खोल तेलविहिरीत मोटारसकट बुडून राहणारा पंप तयार केला आणि १९३० साली अमेरिकेत त्यासाठी कंपनी काढली. पाणी ओढण्याऐवजी पाण्यात राहून ते वर ढकलायचे. मग हवेच्या दाबाची मर्यादाच उरत नाही. शंभर फूट, तीनशे फूट, पाचशे फूट. पुरेशी अश्वशक्ती आणि पुरेसे पाइप असले की झाले.

शेवटचा पाइप वर आला आणि त्याच्या टोकाला ती लांबुळकी, शेवाळलेली नळी. पुतण्याने ती ओल्या पोत्यावर आडवी ठेवली. पाहणाऱ्याचा नेहमी गैरसमज होतो, म्हणून सांगतो. पाणबुडीत मोटार खाली असते आणि पंप तिच्या वर, मध्ये पाणी आत घेणारी जाळी. पाणी जाळीकडे जाताना मोटारीच्या अंगावरून वाहते आणि तिला थंड ठेवते. मोटारीच्या पोटातही स्वच्छ पाणीच भरलेले असते. तारांवर प्लास्टिकचे वेष्टण असते आणि तळाच्या बेअरिंगला तेच पाणी वंगणाचे काम देते. मिस्त्रींनी केबलवरची पत्र्याची पट्टी काढली, जाळी सोडवली, मग जोडावरच्या चार नटांना पाना लावला. तीन सहज फिरले. चौथा गंजला होता, त्याला रॉकेलमध्ये भिजवलेली चिंधी गुंडाळून दहा मिनिटे चहा घेतला. नट सुटल्यावर पंप एका बाजूने आणि मोटार दुसऱ्या बाजूने धरून सरळ रेषेत ओढले, तेव्हा दातेरी कपलिंग अलगद सुटले. वाकडे ओढले तर दांडा वाकतो. पंपाचा दांडा मिस्त्रींनी बोटांनी फिरविला, तो फिरला. मोटारीचा फिरविला, तो जागचा हलला नाही. दोष कोठे आहे याचा निकाल लागला.

"कोरडी चालली हे," मिस्त्री म्हणाले. पाणी जाळीच्या खाली गेले होते आणि मोटार तशीच फिरत राहिली होती. थंड करणारे पाणी नाही, वंगणाचे पाणी तापलेले, बेअरिंग जळाले. म्हणजे बिघाड मोटारीत असला तरी कारण विहिरीत होते.

मोझरीच्या पायाखालचा खडक हा दख्खनचा काळा पाषाण आहे. त्यात पाणी राहते ते वरच्या कुजलेल्या मुरुमात, भेगांत आणि सच्छिद्र थरांत. भूजलाचे हिशेब करणारे शास्त्रज्ञ अशा खडकाची पाणी सोडण्याची क्षमता शेकडा एक ते तीन धरतात. मध्य धरून दोन टक्के घेतले तर एक एकर क्षेत्रातील पाण्याची पातळी पूर्ण एक मीटर खाली गेली तरी हाती येते ते सुमारे ऐंशी हजार लिटर पाणी. सेकंदाला पाच लिटर फेकणारा पंप ते साडेचार तासांत संपवतो. मोटेच्या दीडशे लिटरांच्या हिशेबाने त्याला पाचशेहून अधिक खेपा लागल्या असत्या, आणि तेवढ्या वेळात खडक पुन्हा थोडेथोडे पाझरत राहिला असता. बैल दमत, दोर तुटे, माणूस थकून थांबे. त्या थांबण्यातच विहिरीला उसंत मिळे. खोली वाढली की खर्चही वाढतो. हजार लिटर पाणी दहा मीटर वर आणायला शुद्ध गणिताने विजेच्या युनिटचा तीन शतांशापेक्षाही कमी भाग पुरतो. साठ मीटरवरून आणायचे तर त्याच्या सहापट, आणि पंपाची व मोटारीची घट त्याहून वेगळी. पण हा खर्च वापरणाऱ्याला जाणवू नये अशीच व्यवस्था शासनाने शेतीसाठी वेळोवेळी केली. आधी अश्वशक्तीवर ठोक आकारणी झाली आणि २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज मिळू लागली. शेतकऱ्याची ओढाताण ज्याने जवळून पाहिली आहे, तो या सवलतीला सहजासहजी नावे ठेवणार नाही. मीही ठेवीत नाही. तरी खडकाला सवलत कळत नाही, हेही तितकेच खरे.

याच जिल्ह्यातील वरूड आणि मोर्शी तालुक्यांत संत्र्याच्या बागांनी भूगर्भ किती रिकामा केला, हे सर्वांना ठाऊक आहे. पश्चिमेकडे पूर्णेच्या खोऱ्यात, अकोल्याच्या बाजूला, खारपाणपट्टा आहे. तेथे खोल जाऊन गोडे पाणी मिळण्याची आशाच नाही. १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पेयजलाच्या स्रोतापासून पाचशे मीटरांच्या आत नवी विहीर घेण्यास मनाई केली, २००९ च्या कायद्याने साठ मीटरांहून खोल विहिरींवर नियंत्रण आणले. कायदे कागदावर चांगले आहेत. अहमदनगर भागात स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय धर्मगुरू हर्मन बाखर यांनी आधी शेतकऱ्यांना विहिरी आणि पाणी उपशाच्या साधनांसाठी साहाय्य केले. पुढे नुसत्या उपशाने भागत नाही, असे दिसल्यावर ते माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाऊस अडविण्याच्या कामाकडे वळले आणि १९९३ साली क्रिस्पिनो लोबो यांच्यासह पाणलोट विकासासाठी संस्था उभी केली. आपला मार्ग अपुरा पडला हे ओळखून तो बदलणारी माणसे थोडी असतात, म्हणून त्यांचे नाव येथे मुद्दाम घेतले.

तुकडोजी महाराजांनी 'ग्रामगीते'त श्रमसंपत्ती आणि जीवनशिक्षण यांवर स्वतंत्र अध्याय लिहिले आहेत. आपल्या गावाचे काम आपल्याला करता आले पाहिजे, हा आग्रह त्या एक्केचाळीस अध्यायांतून पुन्हा पुन्हा येतो. त्यांच्या आश्रमापासून हाकेच्या अंतरावर बसून मी मिस्त्रींच्या पुतण्याकडे पाहत होतो. तो अकरावीत आहे. क्लॅम्प कसा धरायचा, केबल का ओढायची नाही, चिंध्यांचे रंग कोणत्या क्रमाने, हे तो त्या दिवशी शिकला. मिस्त्रींचा स्वतःचा मुलगा पुण्याला कंपनीत आहे. गावात ही मोटार काढू शकणारी माणसे किती, असे विचारले, तेव्हा मिस्त्रींनी बोटे मोजली आणि तिसऱ्या बोटावर थांबले.

मोटार दुरुस्तीला तिवशाला गेली. तीन दिवस लागणार होते. माळ्यावरून जुनी कप्पी उतरली, तिला तेल घातले गेले आणि पोहऱ्याऐवजी प्लास्टिकची बादली दोराला बांधली गेली. पहिल्या संध्याकाळी घरातल्या चार माणसांना, दोन जनावरांना आणि तुळशीला धरून एकतीस बादल्या लागल्या. एरवी टाकी किती वेळा भरते हे कोणालाच ठाऊक नव्हते. यजमानांच्या धाकट्या मुलीने आकडा वहीत लिहून ठेवला. दुसऱ्या दिवशी चोवीस. तिसऱ्या दिवशी सव्वीस, कारण पाहुणे होते.

चौथ्या दिवशी मोटार परत आली. मिस्त्रींनी तिच्या पोटात पाणी भरले, दांडा बोटाने फिरवून पाहिला, पंप जोडला, नट आवळले, केबल पाइपाला टेपने बांधली. उतरविण्यापूर्वी त्यांनी भिंतीशी ठेवलेल्या एका नव्या पाइपाकडे बोट दाखविले. विहिरीच्या तळाशी बोअर घेऊन मोटार आणखी खाली न्यावी, असा यजमानांचा विचार चालला होता आणि हा पाइप त्याचीच सुरुवात होती.

"एक वाढवू का, आजी? निदान तळापर्यंत तरी जाईन."

आजी ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी आधी मुलाकडे पाहिले, मग नातीच्या वहीकडे.

"यंदा राहू दे. होती तिथंच सोड. पाणी खाली गेलं का ते बंद पडन, म्हंजे आपल्याले समजन."

मिस्त्रींनी मान डोलावली. कोरडी पडताच आपोआप बंद होणारे यंत्र बाजारात मिळते, ते पुढच्या खेपेला आणून बसवतो, असे ते म्हणाले. मोटार होती त्याच खोलीवर सोडली गेली. फ्यूजच्या वाट्या खिशातून निघून जागेवर बसल्या. नवा पाइप यजमानांनी गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवला.